रद्दीत काढायच्या प्रेमकथा

वाचनालयात दोनशे चौदा प्रेमकथा होत्या: ऐतिहासिक एक्क्याऐंशी, रहस्यमय त्रेसष्ट, डॉक्टर-नर्सच्या सत्तर. सात जणांची समिती त्या रद्दीत काढायला बसली होती. ग्रंथपाल कुमुदताईंना त्या वाचवायच्या होत्या.

“ऐतिहासिक म्हणजे पैठणीतली लफडी,” अध्यक्ष खांबेटे म्हणाले.

“आणि रहस्यमय कथांत रहस्य एकच, ही माणसं कामाला कधी जातात,” खजिनदार म्हणाले. “आम्ही वाचत नाही म्हणा असलं काही.”

कुमुदताईंनी एक कादंबरी उचलली. “यातला डॉक्टर तर शेवटी नर्सला सोडून जातो.”

“सोडून कुठे जातो? परत येतो की,” खांबेटे म्हणाले.

“आंधळा होऊन,” खजिनदार म्हणाले.

“पण लग्नात दिसायला लागतं त्याला,” कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

मग खांबेट्यांनी हात वर न करता चिठ्ठ्या टाकून मतं द्यायला सांगितलं.

रद्दीच्या बाजूने शून्य मतं पडली, विरोधात सात.