कंदिल्याचं पान

दार पुरतं उघडायच्या आतच मुलगी बोलायला लागली.

“आजी, तो गोठणारा बेडूक खरंच मेलेला नसतो ना? म्हणजे हृदय बंद, श्वास बंद, नुसता बर्फाचा गोळा, आणि थंडी सरली की टुणकन उडी! बाबा म्हणाले, थापा मारू नकोस. मग मी तुमचं पुस्तकच नाकासमोर धरलं. गप्प बसले!”

“अगं, आधी आत तर ये,” लेखिकाबाई हसत म्हणाल्या. “एकटीच आलीस?”

“आई खाली थांबलीय. मीच म्हटलं, तू वर येऊ नकोस. हे माझं काम आहे.”

काम म्हणजे शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलाखत. सगळ्या वर्गाने एकमताने तिला पाठवलं होतं, कारण प्राण्यांच्या बाबतीत तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. लेखिकाबाईंची खऱ्याखुऱ्या अजब प्राण्यांवरची पुस्तकं तर तिला तोंडपाठ. तीच बाई आज साक्षात समोर, घरच्या चपला घालून बसलेली! मुलीला काय बोलू आणि काय नको असं झालं होतं.

खुर्चीत बसली खरी, पण बूड टेकेल तर शपथ. समुद्रातली ती इवलीशी कोळंबी नांगीची टिचकी वाजवून भक्ष्य गार करते, हे करून दाखवायला ती उभी राहिली. टिचकी काही वाजली नाही. मग लेखिकाबाईंनी वाजवून दाखवली. मग दोघीही वाजवत बसल्या.

“आणि ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, तर घाबरल्यावर तिन्ही धडधडत असतील का?”

“बाई गं! हे मला आजवर कुणी विचारलंच नाही,” लेखिकाबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्या इतक्या खुशीत आल्या होत्या. चहा गार झाला त्याचंही भान नव्हतं.

“आता कंदिल्या,” मुलगी म्हणाली आणि खुर्चीत नीट बसली.

लेखिकाबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

कंदिल्या! डोंगरातल्या गर्द रानात राहणारा, मांजराएवढा, केसाळ अंगाचा प्राणी. शेपटीच्या टोकाला मंद उजेड. संध्याकाळी वाट चुकलेली पिल्लं त्या उजेडाच्या मागोमाग घरी येतात. पुस्तक छापायला गेलं तेव्हा शेवटचं एक पान रिकामं राहत होतं. “संध्याकाळपर्यंत एखादा प्राणी पाठवा, नाहीतर मशीन खोळंबेल,” असा प्रकाशकांचा निरोप आला. हाताशी एकही प्राणी नव्हता. म्हणून बाईंनी तो मनानेच रचला. पुढच्या आवृत्तीत काढून टाकू, असं स्वतःला बजावलं होतं.

पण झालं भलतंच. खऱ्या प्राण्यांना मागे टाकून पोरांनी कंदिल्यालाच डोक्यावर घेतलं. आता नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तोच येणार होता. बाईंना ते खात होतं. मुलांशी आपण कधी खोटं बोललो नाही, या एका गोष्टीवर त्यांनी जन्म काढला होता. पहिलं जे मूल तोंडावर विचारेल त्याला खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि ते मूल समोर बसलं होतं.

“मी सगळीकडे शोधलं,” मुलगी जपून बोलत होती. “वाचनालयातली सगळी पुस्तकं पाहिली. कंदिल्या फक्त तुमच्याच पुस्तकात आहे.”

“असं?” बाईंनी चष्मा काढून पुसला.

“तुम्हाला तो खूप आवडतो का हो?”

“फार. त्याच्याबद्दलच तुला एक सांगायचं होतं...”

“मलाही,” मुलगी पटकन म्हणाली आणि एकदम थांबली. मघाची सगळी मस्ती उतरली होती. चेहरा एवढासा झाला होता. “तुम्ही आधी सांगा. तुम्ही त्याला... स्वतः पाहिलंय?”

लेखिकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, श्वास रोखलेला. आता ‘नाही’ म्हटलं की या पोरीचा बेडूकही गेला, कोळंबीही गेली, सगळंच थापांच्या खात्यात जमा. एका शब्दात हिचं एवढं मोठं जग कोसळणार. छे! ते आपल्याच्याने व्हायचं नाही. बाईंचे डोळे भरून आले.

“पाहिलाय तर!” त्या म्हणाल्या. “अगदी जवळून. संध्याकाळची वेळ होती.”

मुलीने त्यांच्या भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग तिने श्वास सोडला.

“बरं,” ती हळूच म्हणाली. “मग काही प्रश्नच नाही.” उठून तिने बाईंच्या हातावर थोपटलं. “छान आहे तुमचा कंदिल्या. तुम्हाला काय सांगायचं होतं?”

“काही नाही गं. तुझं?”

“माझंही काही नाही.”

आणि पुन्हा कळी खुलली. जिना उतरतानाही तिची बडबड चालूच होती: पुढच्या पुस्तकात वटवाघूळ हवंच, आणि उडणारे मासे, आणि जमलं तर देवमाशाचं पिल्लू!

लेखिकाबाईंच्या जिवात जीव आला. खोटं बोलले तर बोलले, पण पोरीचं मन राखलं. राहू दे कंदिल्याला मुखपृष्ठावर, बसू दे ऐटीत! तिला हात करावा म्हणून त्या लगबगीने गॅलरीत गेल्या. खाली मुलीने आईचा हात धरला होता.

“काय गं, सांगितलंस का एकदाचं?” आई विचारत होती.

“नाही गं आई. वर्गातले सगळे ओरडणार मला, कारण कंदिल्या नसतोच हे आजींना सांगायलाच मला पाठवलं होतं. पण त्या म्हणतात, मी स्वतः पाहिलाय. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्यांच्या. म्हटलं जाऊ दे, या वयात कशाला त्यांचं मन मोडायचं!”