हलता हात

"मॅडम, हाथ क्यूं नहीं चल रहा आपका?"

भूपेशशेठनी जिना चढून दारातूनच विचारलं. हातात मोबाईल, मोबाईलवर कॅमेऱ्याचं चित्र. उल्हासनगरातल्या त्या खोलीत एम्ब्रॉयडरीची डिझाईनं करणारे पाच जण बसायचे आणि पाचही टेबलांवर छतातून कॅमेरा रोखलेला होता. त्यात माणसांचे हात दिसायचे, स्क्रीन दिसायची नाही. शेठ खाली दुकानात बसून दिवसभर हात बघायचे.

"चाललाय की," संजीवनी म्हणाली. तिने मान वर केली नाही. ब्लाऊजच्या पाठीवरचा मोर अर्धा झाला होता. मशीनने सुई कुठे मारायची ते स्क्रीनवर एकेक टिंब देऊन सांगावं लागतं, आणि एका मोरात अशी दोन-अडीच हजार टिंबं सहज जातात.

"कुठे चाललाय? दहा मिनटं बघतोय मी. सगळ्यांचे हात चालतात. तुमचा आपला देवासमोर ठेवल्यासारखा."

तिने हात बाजूला केला. खाली तळहाताएवढी एक काळी वस्तू होती, तिच्या डोक्यावर लिंबाएवढा लाल गोळा.

"हा माऊस सरकवायचा नसतो, शेठ. गोळा बोटांनी फिरवायचा, हात जागेवरच राहतो. म्हणूनच तर घेतलाय, माझ्या पैशाने. अंबरनाथच्या डॉक्टरांनी सांगितलंय, मनगट असंच घासत राहिलात तर ऑपरेशन. मागच्या महिन्यात मला नळ बंद करता येत नव्हता."

"बघू."

शेठनी ती वस्तू मुठीत धरली आणि टेबलावरून सरकवली. स्क्रीनवरचा बाण जागचा हलला नाही. मग जोरात सरकवली. मग उचलून आपटली. चौथ्या खेपेला अंगठा बटणावर पडला, मनगट गोळ्याला लागलं, आणि मोराची मान ताणली जाऊन पार पिसाऱ्यात घुसली.

"खराब आहे हा. चालतच नाही."

संजीवनीने मोराची मान परत जागेवर आणली, फक्त बोटांनी, शेठना दिसेल अशी. "चार दिवस मलाही जमत नव्हतं. बाण कुठच्या कुठे पळायचा. आता जमतंय. आधी दिवसाला सात डिझाईनं व्हायची, काल नऊ दिली. फाईली उघडून बघा."

"फाईल मला नाही कळत. मला हात कळतो." शेठनी मोबाईल तिच्यासमोर धरला. "पार्टी येते दुकानात, मी त्यांना यात दाखवतो, आपल्याकडे काम कसं चालतं. चार जणांचे हात चालू, आणि मधे एक बाई हात ठेवून बसलेली. कैसा लगता है?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग कॅमेरा स्क्रीनवर लावा ना! मी इथे मोर काढायला येते की हात हलवायला?"

खोलीतली टकटक थांबली. शेजारच्या टेबलावरचे धर्मराज हळूच म्हणाले, "ताई, जाऊ द्या." ते सगळ्यांत जुने. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बटणं लावायचे, कारण आत मनगटाला पट्टी गुंडाळलेली असायची. शेठना ती अजून माहीत नव्हती.

शेठनी कपाट उघडलं, जुना माऊस काढला आणि तिच्या टेबलावर टाकला. "आजपासून हा. जमत नसेल तर आत्ताच सांगा. बदलापूरहून रोज दोन पोरी विचारायला येतात."

 हेंद्रेपाड्यातलं घर संजीवनीच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, आणि हे शेठना पक्कं ठाऊक होतं.

शेठ खाली गेले.  संजीवनीने जुना माऊस डाव्या बाजूला ठेवला आणि त्याची वायर न जोडताच टेबलामागे सोडून दिली. उजव्या हाताशी दोऱ्यांच्या रंगांचं जाड कार्ड उघडून तंबूसारखं उभं केलं. तंबूत उजवी बोटं गोळा फिरवू लागली. बाहेर डावा हात तो मेलेला माऊस पुढे-मागे, पुढे-मागे घासू लागला.

"काय करताय?" धर्मराज म्हणाले.

"कॅमेऱ्याचं काम."

गुरुवारी दुपारी टेबलावरचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला, दोन्ही हात गुंतलेले होते.

"हां मॅडम, अब देखो! डावा तर डावा, पण चालतोय ना? तीन दिवसांत फरक दिसतो. आत्ताच पार्टीला तुमचाच हात दाखवला."

फोन बंद झाला तसे धर्मराज टेबलावर डोकं टेकून खदाखदा हसले. मागची पोरंही हसली. संजीवनीला हसू आलं नाही. शेठचा राग होताच, त्याहून जास्त स्वतःचा आला. हात मात्र तिने थांबवला नाही. डावं मनगट सकाळपासून ठणकत होतं.