मुठीकडे सरकलेलं शिसं

गुणवंतराव वकिलांनी रॅकेट एका बोटावर आडवी धरली. ती मुठीकडे झुकली.

"परत सरकवलं कोणीतरी!"

शिसं त्यांनी डोक्याकडे लावून घेतलं होतं, फटका जड पडावा म्हणून. कमरुद्दीनने ढिवरांच्या जाळ्यातल्या शिशाच्या गोळ्या ठोकून पातळ केल्या आणि दवाखान्यातल्या चिकटपट्टीने चौकटीवर बसवल्या. चांद्याच्या टेनिस क्लबातला तो जुना माणूस. वकीलसाहेब कचेरीत गेले की दुपारी घरून रॅकेट न्यायची, तिची विणलेली तात ओढून बघायची आणि संध्याकाळी क्लबवर हातात द्यायची, हे त्याचं काम.

रविवारी गाठ होती सोमाजी रेंजरशी. सोमाजी लागोपाठ दोन वर्षं जिंकलेला. तिसऱ्यांदा जिंकला की कप कायमचा त्याच्या घरी, असा क्लबचा नियम. आणि कपावर नाव होतं गुणवंतरावांच्या वडिलांचं.

"कमरुद्दीन, शिसं खाली कसं येते बा?"

"गर्मीनं पट्टी ढिली होत असंल, साहेब."

"गर्मीनं सरकते, तं रोज मुठीकडेच काऊन सरकते?"

कमरुद्दीन जाळी गुंडाळत राहिला.

शुक्रवारी वकिलांनी डाव टाकला. सकाळी कंदिलाची काजळी शिशावर चोपडली. जो हात लावेल त्याची बोटं काळी.

संध्याकाळी काजळी पुसलेली, शिसं मुठीकडे. वकिलांनी कमरुद्दीनचे हात उलटेपालटे केले. बोटं स्वच्छ!

"धुतले वाटते?"

"नमाज पढून आलो ना साहेब."

म्हणजे हाच! रेंजरनं फोडला याले. पण रेंजर काही समोर येईना. त्या दिवशी तो खेळायलाच आला नाही. पाय भरून आले म्हणे.

"जंगल तुडवणाऱ्या माणसाचे पाय भरून येते?" घरी येऊन वकील इंदुताईंवर डाफरले. "नाटकं करून राह्यला!"

इंदुताई अंगणात राखेनं तवा घासत होत्या. हात कोपरापर्यंत काळे, बांगड्या काढून तुळशीच्या ओट्यावर ठेवलेल्या.

"तुमाले सगळेच चोर दिसते जी," त्या म्हणाल्या. "हात धुवा, जेवाले बसा."

"जेवण राहू दे. तुह्या मामंजींचा कप त्या रेंजरच्या फळीवर दिसंल ना, तेव्हा समजंल तुले."

इंदुताईंनी तव्यावर जरा जोरातच राख ओढली.

शनिवारी वकील कचेरीत न जाता घरीच थांबले. कमरुद्दीन आला, तर त्याला फाटकातूनच परतवून लावलं. शिसं स्वतः डोक्याकडे नेलं, वरून दोरा आवळला. रविवारी रॅकेट काखेत मारूनच क्लबवर गेले.

आणि जिंकले! सोमाजी चेंडू जाळीत मारत होता, रेषेबाहेर मारत होता. शेवटी तर सर्व्हिसच दोनदा चुकवून बसला. लोकांनी वकिलांना खांद्यावर घेतलं.

"पाह्यलं?" खांद्यावरूनच ते कमरुद्दीनवर ओरडले. "एक दिवस तुह्या हाती रॅकेट नाई देल्ली, तं काय झालं पाय! उद्यापासून क्लबात दिसू नको!"

कमरुद्दीनने बायकांच्या खुर्च्यांकडे पाहिलं. इंदुताई तिथे सरबत वाटत होत्या. त्यांनी हलकेच मान हलवली: चाचा, मी पाहून घेते.

सोमाजी लंगडत आला आणि त्यांच्या हातून पेला घेतला.

"वहिनी, आज हरायची माही बोली पुरी झाली," तो हळूच म्हणाला. "पण शुक्रवारी दुपारी तुम्ही बांगड्या काढून माह्यासंगं खेळल्या नसत्या ना, तं कप माह्या घरी असता."