अपघातानंतरची नोंद

"सापडलं!" विमानांच्या संग्रहालयातल्या कारकूनबाईंनी जाडजूड वही टेबलावर ठेवली आणि म्हातारा मेकॅनिक खुर्चीच्या कडेला सरकला. लेकीने त्याचा हात घट्ट धरला. तो उठून पळेल, याची तिला खात्रीच होती.

अडतीस वर्षं त्याने ही गोष्ट पोटात ठेवली होती. मागच्या महिन्यात तापात बरळला आणि लेकीला सगळं कळलं; तीच आज त्याला इथे घेऊन आली होती. युद्धात लढाऊ विमानांची चाकं त्याच्या ताब्यात असायची. धावपळ इतकी, की आधी सही आणि मग काम, अशी सगळ्यांनाच खोड लागलेली. त्या सकाळी त्याने 'चाकांचे खटके तपासले' म्हणून सही ठोकली, आणि उतरवलेली चाकं दुमडू न देणाऱ्या त्या खटक्यांना हात लावायच्या आत विमान उडालं. परतताना चाकं जमिनीला टेकली न टेकली तोच दुमडली. अशी आत गेली, की जणू कधी उतरवलीच नव्हती. विमान पोटावर घसरत गेलं. वैमानिकाला स्ट्रेचरवरून नेताना त्याने पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याची स्वतःची बदली झाली. वैमानिक जगला की गेला, हे त्याने कधी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना!

"काका, वाचू?"

"वाचा. एकदाचा काय तो निकाल लागू दे."

बाई ओळींवरून बोट फिरवू लागल्या. "उतरताना अपघात. पुढचा पंखा वाकला, पोट खरवडलं. वैमानिकाचा खांदा निखळला. विमान सहा आठवड्यांत दुरुस्त. दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण... त्याच वैमानिकाचं."

"म्हणजे जगला?"

"जगला काय, काका! याच विमानातून आणखी एकेचाळीस वेळा उडाले की! मग विमान शिकाऊंना दिलं, आणि आता आमच्या दालनात उभं आहे."

छातीवरचा धोंडा उतरला. म्हातारा आधी रडला, मग रडता रडता हसत सुटला. लेकीने रुमाल दिला, त्यात त्याने इतक्या जोरात नाक शिंकरलं, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

"थांबा, कारण राहिलं," बाई म्हणाल्या. "हे खुद्द वैमानिकांनी लिहिलंय. 'चाकं उतरवायला मी विसरलो. चूक सर्वस्वी माझी.' खाली सही. बढती वर्षभर रोखल्याचा शेराही आहे."

लेक खुर्चीतून उठलीच. "ऐकलंत, बाबा? चूक तुमची नव्हतीच! उगाच इतकी वर्षं जीव जाळलात!"

म्हातारा त्या सहीवरून हळूच बोट फिरवत राहिला.

"अगं वेडे," तो म्हणाला, "चाकं खाली होती. त्यानेच तर उतरवली होती."