कुठल्या बाहेर?

हेस्टर आजीच्या खुराड्याएवढ्या चर्चमध्ये प्रार्थनेचा फेर धरायचा तो पाय जमिनीवर घासत. पाय पायावरून गेला की तो नाच, आणि नाच म्हणजे पाप. याच पापापायी आजीने नातीला, लव्हॉनला, लहानपणीच फेरातून हाकललं होतं. आता अटलांटात नाचाचा क्लास चालवणारी लव्हॉन चर्चच्या वाढदिवसाला अख्खा क्लास घेऊन आली. मुलांनी आजीच्या फेरात एकदा तरी फिरावं, एवढंच तिला हवं होतं.

“या, पापाच्या मास्तरीणबाई,” म्हणत आजी पायांवर नजर ठेवून दाराशी बसली.

चर्चमध्ये ताल धरणारे टोबायसकाका झाडूचा दांडा जमिनीवर आपटू लागले. टाळ्या पडल्या, फेर फिरला. पहिल्याच फेरीत मुलांचे पाय पायांवरून गेले आणि आजीने अख्खा क्लास बाहेर काढला.

“आजी, लहान आहेत गं ती!”

“पाय लहान नाहीत. तूही नीघ.”

मग आजीची सख्खी बहीण निघाली. मग पाद्रीबुवा.

“हेस्टरबाई, माझा गुडघाच तसा आहे!”

“मग गुडघा घरी ठेवून या.”

शेवटी टोबायसकाकांनाही तिने दांड्यासकट घालवलं. चर्च शुद्ध झालं. आत आजी एकटीच उरली.

अंगणात काकांनी पुन्हा दांडा आपटला. हाकललेल्यांचा फेर एवढा मोठा झाला, की चर्चच त्याच्या मधोमध आलं. आजी तणतणत पायरीवर आली आणि बोट रोखून ओरडली, “चला, व्हा बाहेर!”

लव्हॉनने फिरता फिरताच विचारलं, “आता कुठल्या बाहेर, आजी?”