दिवसातून पाच वेळा

"उत्तरं तुमचीच हवीत, फोन दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका," दवाखान्यातल्या मानसतज्ज्ञ बाईंनी मला बजावलं होतं. बाळंतिणींचं मन तपासायची ती नवी चाचणी होती. दिवसातून पाच वेळा फोन वाजणार आणि विचारणार, 'आत्ता कसं वाटतंय?' मी हसण्यावारी नेलं. घरच्यांपासून काय लपवायचं?

बाळ अंगावर पीत असताना फोन वाजला की नवरा म्हणायचा, "आण इकडे, मी दाबतो." सहा आठवडे तो 'मजेत' दाबत राहिला. मी नळ सोडून न्हाणीघरात रडत असायचे, तेव्हाही. शेवटी तपासणीच्या वेळी मी सांगून टाकलं, की बाळाला घेऊन खिडकीजवळ जायची मला भीती वाटते. नवऱ्याने फोनमधला माझ्याच उत्तरांचा आलेख बाईंपुढे धरला. "बघा, रोज मजेत! आता हिला नाटकं सुचताहेत."

बाईंनी आलेखावर विश्वास ठेवला. मी बाळाला उचलून माहेर गाठलं.

गेल्या महिन्यात धाकटी जाऊ बाळंत झाली. घर तेच, चाचणीही तीच. ती फोन उचलत नाही, म्हणून काल मेसेज केला. लगेच उत्तर आलं, "मी मजेत आहे, वहिनी."

जाऊ मला ताई म्हणते. वहिनी म्हणतो तो तिचा नवरा.

मला सासरचे दारात उभं करणार नाहीत. तुम्ही त्याच गल्लीत राहता, तुम्ही जा. तिसरा मजला, गॅलरीत दुपटी वाळत असतील. मेसेज करू नका, दार वाजवा, आणि ती स्वतः बोलेपर्यंत हलू नका.