तळ्यातला उपरा

के. आर. पुरमच्या एका सोसायटीच्या तळ्यातले महागडे जपानी मासे कोणीतरी गिळत होते. तळ्यात एक काळा मासा दिसला, म्हणून सेक्रेटरी मुकुलने तळे दोनदा पार उपसले. पाणी भरले की तो काळा मासा पुन्हा हजर. अखेर मत्स्यतज्ज्ञ उल्काताई मासे मारण्याची मोहाची पेंड घेऊन आल्या.

"हा उपरा एकदाचा संपवा, मॅडम."

"ही मरळ. चिखलात गाडली तरी जगते."

"चिखल कुठला? सगळं काँक्रीट आहे."

"आणि त्याखाली?"

मुकुलने बावीस मजल्यांकडे पाहिले. "तलाव होता म्हणे. बुजवला."

पायाखाली काहीतरी सावकाश कूस बदलत असल्याचा त्याला भास झाला.

उल्काताईंनी पेंडीची पिशवी त्याच्या हाती ठेवली. "उपरं कोण, तेवढं तुम्हीच ठरवा."